चष्म्याआडचं खग्रास

खग्रास सूर्यग्रहणासाठी एवढा आटापिटा करावा का, हे मी खात्रीने सांगू शकतो. कारण ते पाहायला आम्ही चौघं गेलो होतो आणि तिघांना ते दिसलं नाही.

आमच्या अमरावतीत सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार होता; खग्रास दिसणार होतं ते धारणीच्या पलीकडे, मध्य प्रदेशात. अकोल्याचा माझा साळा फोनवर म्हणाला, "भाऊजी, थोडक्यासाठी कायले धारणीचे खड्डे खाता? राजापेठेतल्या घरच्या गच्चीवरून पाहा ना!"

"अंतरपाटापर्यंत थांबायचं अन् अक्षता न टाकता परत यायचं काय?"

"बरं. पेट्रोल वसूल झालं का, ते सांगा मंग."

ग्रहण पाहायचं नसतं, असं आईचं मत. तरी ती निघाली. "लेकरू गिरानात उघड्यावर फिरीन अन् मी घरी बसू काय?" (लेकरू म्हणजे माझी कॉलेजात जाणारी मुलगी!) वेध लागलेले, म्हणून दशम्यांच्या डब्यावर तुळशीपत्र ठेवून तिने तो मांडीवरच घेतला. धारणी ओलांडून मध्य प्रदेशात शिरलो, तेव्हा सगळे उपाशी.

सकाळी ढग पांगले. गाडी सूर्याकडे तोंड करून लावली. आई आतच, तोंडावर पदर ओढून जप करत. बायको, मुलगी आणि मी बाहेर, ग्रहणाचे काळे चष्मे लावून.

"मी सांगेपर्यंत कोणीही चष्मा काढायचा नाही!" मी बजावलं. डोळ्यांच्या बाबतीत मी हयगय करत नाही.

सूर्याची कोर बारीक होत गेली आणि मिटली. गार वारा सुटला. पाखरं गप्प झाली.

"अहो, काहीच दिसून नाही राहिलं!" बायको म्हणाली.

"ढग आला असेल. थांब."

"बाबा, आता काढायचा असते ना?"

"खबरदार!"

थोड्या वेळाने कोर पुन्हा दिसली. "पाहा, गेला ढग!" मी म्हणालो.

तेवढ्यात गाडीतून आई ओरडली, "बापा बापा! अंधार पडला म्हणून लेकराले पाहाले पदर काढला, तं समोरच! तव्याच्या बुडासारखा काळा सूर्य, भोवती पांढऱ्या जटा, बाजूले चांदणी! दिसलं ना तुमाले?"

सूर्य पूर्ण झाकला की चष्मा काढायचा असतो, हे मुलीने मला तेव्हा सविस्तर समजावलं. बायकोने आपला चष्मा काढून माझ्या हातात ठेवला. (ते जास्त वाईट.)

ग्रहण सुटल्यावर आईने डबा माझ्यापुढे सरकवला. "मले आंघोळीशिवाय खाता येत नाही. तुमी खा. तुमी कुठं पाहिलं गिरान!"

इतक्यात साळ्याचा फोन. "भाऊजी, झालं काय वसूल?"

माझ्या तोंडात दशमी होती. मी ती बराच वेळ चावत राहिलो.