पथारीवरचा वारा

नंदुरबारला उतरलं की मिरच्या वाळत पडल्याचं आधी घशालाच कळतं. काल मिरच्या वाळवायच्या मैदानावरून, पथारीवरून, जाताना ठसका लागला आणि नाना आठवले, माझे वडील.

माझ्या पहिल्या माहितीपटाचं शूटिंग याच पथारीवर केलं होतं. कॅमेरा भाड्याचा. तो तापून बंद पडू नये म्हणून नाना त्याच्यावर छत्री धरून उभे होते. देठ खुडणाऱ्या बायकांचे हात मी टिपत होतो, तेवढ्यात चालू शॉटमध्ये नाना बोलले, "भाऊ, डोकाले रुमाल बांध. ऊन लागी जाई."

कॅमेऱ्यातून डोळा न काढता मी सगळ्या बायकांदेखत त्यांच्यावर खेकसलो.

एडिटिंग करताना मी त्यांचं वाक्य आणि माझं खेकसणं दोन्ही काढलं, चित्र तसंच ठेवून तिथे वाऱ्याचा आवाज भरला. मूळ फुटेज पुढच्या फिल्मसाठी डिस्क रिकामी करताना पुसलं. नाना गेल्यावर शोधलं, तर त्यांचा आवाज कुठेच नव्हता. लोकांचे आवाज जपण्यात मी वीस वर्षं घालवली होती.

काल घरी येऊन तो शॉट पुन्हा लावला. वारा वाहत होता. मिरच्यांवर कडेला छत्रीची सावली होती, आणि मी जिथे खेकसलो होतो तिथे ती हळूच माझ्या दिशेने फ्रेमबाहेर सरकली. इतकी वर्षं मला वाटायचं, नानांचा हात अवघडला असेल.

कॅमेऱ्यावरची छत्री त्यांनी माझ्या डोक्यावर धरली होती.