तालमीतलं वाक्य

दवनीवाड्यात आम्ही दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी दंडार, म्हणजे आमचं गावचं नाटक, बसवायचो तेव्हा तालीम गोठ्यामागच्या खोलीत चालायची. संवाद आम्हीच रचायचो आणि बहुतेक भिकार रचायचो. एकाच्या वाक्यावर बाकीचे तुटून पडायचे, शिव्या व्हायच्या, आणि त्यातूनच काहीतरी जमायचं. दार लावताना तालीम घेणारे मास्तर रोज बजावायचे, "इथचं इथंच ठेवजा रे." आणि ते राहायचंही.

आता ती चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होते. यंदा मी नाटकातल्या सासऱ्याच्या तोंडी सुनेसाठी एक जळजळीत वाक्य टाकलं. फारच झालं म्हणून सगळ्यांनी झोडपलं, आणि मी ते काढलं. तोवर आमच्यातल्याच एकानं त्याचा स्क्रीनशॉट फेसबुकवर चढवला होता. वर माझं नाव, आणि "बायकांबद्दल यांचे विचार बघा." लगेच सडक अर्जुनीहून साळीचा, म्हणजे मेहुणीचा, फोन आला, "काऊन जी भाऊजी, असं लिहून राहिले तुम्ही?"

त्या माणसाला जाब विचारला, तर म्हणतो, "खोटं काय आहे त्यात? तुम्हीच तर लिहिलं." अक्षर न् अक्षर माझंच होतं, कबूल. पण चुलीवरचा अर्धकच्चा भात ताटात वाढायचा आणि हिला रांधता येत नाही म्हणून गावभर सांगायचं, हे कुठलं खरं बोलणं?

ग्रुप अजून चालू आहे. काहीही टाका, सगळे "छान" लिहितात आणि हात जोडतात.

मास्तरांच्या त्या खोलीत मला कोणी एकदाही छान म्हटलं नव्हतं.