साळवेआप्पांनी मोडलेला पार

सायबर कॅफेत शिरल्यावर साळवेआप्पा आधी खुर्चीवर बसत नसत. ते मॉनिटरच्या मागे जात, मान वाकडी करून पाठीवरचं लेबल वाचत आणि मॉनिटर आपल्या कंपनीचा निघाला तर त्याला दोनदा थोपटत. "आपला हाय," असं म्हणून मगच बसत. दुसऱ्या कंपनीचा निघाला तर कॅफेवाल्याला विचारत, "का रं बाबा, आमी काय वाईट करतो व्हय?" कारेगावातला तो कॅफेवाला पुढेपुढे आप्पा दारात दिसले की कोपऱ्यातल्या मशीनवरचं गिऱ्हाईक उठवायचा, कारण आमचा मॉनिटर तेवढा एकच त्याच्याकडे होता.

आमची कंपनी रांजणगावच्या एमआयडीसीत होती. कॉम्प्युटरचे मॉनिटर बनवायची, ते जुने, पाठीला पोक असलेले. आप्पा असेंब्लीचे सुपरवायझर आणि मी टेस्टिंगला. मी शिरूरचा, डिप्लोमा करून चिकटलेला. आप्पा केडगावजवळच्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यातले. वहिनी आणि मुलगी तिकडे राहायच्या, आप्पा कारेगावात खोली घेऊन एकटे. सुट्टीच्या आदल्या दिवशी शिरूरहून चौफुल्याची एसटी पकडायचे आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन परत यायचे. ती चटणी सगळी लाइन खायची, त्यांच्या वाट्याला फडकं उरायचं.

माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न "जेवलास का?" वेळ कुठलीही असो. एकदा ऑडिटला आलेल्या परदेशी साहेबालाही त्यांनी खुणेनं तेच विचारलं. साहेबाला वाटलं भूक लागलीय म्हणतोय, त्यानं खिशातलं चॉकलेट काढून दिलं. आप्पांनी ते अर्धं मोडून साहेबाला परत दिलं आणि दोघं लाइनवर उभ्याउभ्या चघळत राहिले. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग बाजारात पातळ मॉनिटर आले आणि आमच्या पोकाला कुणी विचारेना. आधी रात्रपाळी बंद झाली. मग कँटीनमधले पोहे जाऊन चहाबरोबर दोन बिस्किटं आली. एक दिवस वरच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवून भाषण केलं की ही कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. आप्पा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कुटुंब म्हनाय लागलं, म्हंजी आता वाटण्या हुणार." पुढच्याच महिन्यात कंत्राटी पोरांना घरी पाठवलं.

त्याच वर्षांत ती मैत्रीची साइट आली होती. जो तो कॅफेत जाऊन तिच्यावर पडीक. आप्पांचं खातं मीच उघडून दिलं. एकमेकांना लिहायच्या निरोपाला तिथे स्क्रॅप म्हणतात हे कळल्यावर मात्र ते बिथरले. "आरं, मान्साला लिवायचं आन् त्याला भंगार म्हनायचं?" पण लिहायला लागले. एका बोटानं, जीभ दाताखाली धरून, सगळ्यांना एकच मजकूर: जेवलास का?

कामावरून कमी केलेली पोरं कुणी चाकणला, कुणी गावाकडे पांगायला लागली, तेव्हा आप्पांनी मला आमच्या लोकांसाठी तिथे एक कम्युनिटी काढायला लावली. नाव त्यांनीच दिलं, पार. कंपनीतले बहुतेक सगळे येऊन बसले. कुठे भरती आहे, कुणाला मुलगा झाला, कुणाची आई गेली, सगळं त्या पारावर कळायचं. मालक म्हणून आप्पांचं नाव वर असायचं आणि कुणालाही बाहेर काढायचं बटण फक्त त्यांच्याकडे. ते बटण कशाचं आहे हे मी समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ह्ये काय आपल्याला लागायचं न्हाई." मला आठवतंय, त्या काळात ते खरोखर खूश होते. कंपनी बुडत होती आणि हा माणूस रोज संध्याकाळी अंघोळ करून, भांग पाडून कॅफेत जात होता.

पुढे जे झालं ते युनियनवरून. कारेगावात भिंतीला कान, म्हणून काही जण यवतच्या एका ढाब्यावर गुपचूप जमले आणि युनियन करायचं ठरवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या पाच जणांना गेटवरच अडवलं. कार्ड जमा करून घेतलं आणि आत सोडलंच नाही. ढाब्यावरची बातमी आत कुणी पोचवली? स्टोअरमधला नवनाथ त्या बैठकीला होता, आणि त्याचं कार्ड मात्र शाबूत राहिलं होतं. झालं. पाचांपैकी एक जण पॅकिंगमधल्या शेलारचा सख्खा भाऊ होता. शेलारनं पारावर लिहिलं, नवनाथ फितूर आहे, आप्पा, त्याला हाकला.

त्याखाली शिव्यांची रांग लागली. नवनाथच्या, त्याच्या बायकोच्या, त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं. आप्पांनी शिव्या पुसल्या, नवनाथला काढलं नाही. शेलार कॅफेत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"आप्पा, समद्यांस्नी म्हाईत हाय त्यानंच सांगितलं."

"समद्यांस्नी म्हाईत हाय, मंग येकानं तरी पुरावा आण."

"माझा भाऊ घरी बसलाय, आन् तुम्ही पुरावा मागताय?"

"तुझ्या भावासाठी मी उद्या साहेबाच्या दारात बसतो, तू बी चल. पन ह्ये बटण दाबून तुझा भाऊ आत जायचा हाय का?"

आप्पा खरंच जाऊन बसले. शेलार गेला नाही. साहेबानं आप्पांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि न भेटताच मागच्या गेटनं गाडीतून निघून गेला.

तोवर पारावरची गोष्ट कारेगावच्या चाळीत उतरली होती. जिथे आम्ही बरेच जण जेवायचो त्या खानावळीत नवनाथचं ताट बंद झालं. मावशी बिचारी म्हणाली, त्याला वाढलं तर बाकीची पोरं उठून जातात, मी काय करू? नळावर त्याची बायको आली की बाकीच्या हंडे उचलून बाजूला व्हायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. त्या दिवसापासून आप्पांनी खानावळ सोडली आणि ते नवनाथच्या खोलीवर जेवायला लागले.

मग त्यांचीही पाळी आली. कुणीतरी खोट्या नावाच्या खात्यावरून पारावर लिहिलं, "गावकी काय असते हे तुमच्या लोकांना काय कळणार? तुम्ही गावाबाहेरच राहिलात." ज्यांना हा माणूस न चुकता वाढदिवसाला शुभेच्छा द्यायचा, ज्यांच्या बायकांच्या बाळंतपणाला हा रिक्षा शोधत पळाला होता, त्यातल्या एकानंही त्यावर चकार शब्द काढला नाही. मी चार ओळी लिहिल्या, तर मला विचारलं की तुझी जात कुठली. आप्पांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "खरं हाय की. भाईर राहूनच कळली."

एका संध्याकाळी मी आप्पांच्या खोलीवर जेवायला गेलो होतो. नवनाथ आला, चपला न काढताच उंबऱ्यात बसला आणि रडायला लागला. "आप्पा, मीच सांगितलं व्हतं. येकदाच सांगितलं. साहेब म्हनला, तुला दुसऱ्या युनिटला घेतो. बायको पोटुशी हाय, मला दुसरं काय सुचना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आप्पांनी स्टोव्ह बारीक केला. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, "जेवलास का?" आणि त्याला ताट वाढलं. तो खाली मान घालून जेवला आणि गेला.

तो गेल्यावर मी आप्पांवर तुटून पडलो. "आता तर पुरावा मिळाला ना? पाच घरं बुडवली त्यानं. काढा त्याला."

"त्यानं शेण खाल्लं. त्याच्या थोबाडीत मारावी आसं मला बी वाटलं."

"मग?"

"माझा बाप मेलेली ढोरं वढीना, म्हणून गावानं आमाला वाळीत टाकलं. मी शाळंत बी न्हवतो तवा. दुकानदार मीठ दीना. बाप केडगावावनं चालत मीठ आणायचा. मीठ गावात व्हतं रं, आमच्या घरापासनं हाकंच्या अंतरावर. गुन्ह्याला शिक्षा आसती, ती भोगून मानूस सुटतो. वाळीत टाकल्याला सुटका नसती. त्ये बटण माझ्या हातनं दाबलं जायचं न्हाई."

मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. शेलारच्या भावाची पोरं शाळेतून काढावी लागली, त्यांचं काय? नवनाथ काय बोलला हे आप्पांनी कुणाला सांगितलं नाही आणि माझ्याकडूनही वचन घेतलं. ते मी त्यांच्या हयातीत पाळलं.

दोन-चार दिवसांनी शेलारनं पारावर जाहीर केलं की एक तर नवनाथ जाईल, नाही तर आप्पांनी मालकी सोडावी. खाली सह्या केल्यासारखी नावं पडत गेली. आप्पा मला घेऊन कॅफेत गेले. त्या दिवशी ते मॉनिटरच्या मागे गेले नाहीत, सरळ बसले.

"मी निघालो तर पार कुनाच्या नावावर जाईल?"

"ज्याला द्याल त्याच्या."

"शेलारला दिला तर आज सांच्यालाच नवनाथ भाईर. तुला दिला तर तुझ्या मागं लागतील."

"मग असाच राहू द्या, तुम्ही उघडून बघू नका."

"वर नाव माझं, आन् खाली शिव्या चालणार. नगं."

त्यांनी सगळा पार वरपासून खालपर्यंत एकदा वाचला. बारसी, लग्नं, पावसात बंद पडलेल्या कंपनीच्या बसचा फोटो, पांगलेल्या पोरांचे चाकणचे आणि गावाकडचे पत्ते. मी म्हणालो, निदान पत्ते तरी लिहून घेऊ या. ते म्हणाले, "मंग पुन्यांदा मन हुणार न्हाई." नक्की पुसायचं का, असं मशीननं इंग्रजीत विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी त्या एका बोटानं पार पुसला आणि पाठोपाठ स्वतःचं खातंही. कॅफेतून बाहेर आल्यावर त्यांना धाप लागली होती, चालून लागते तशी. त्यांना जुन्या एसटी थांब्याच्या कट्ट्यावर जरा बसवावं लागलं.

कुणाचंच भलं झालं नाही. नवनाथ पंधरवड्यात खोली रिकामी करून बायकोला घेऊन गुजरातकडे गेला, आप्पांना न सांगता. दुसरं युनिट वगैरे काही नव्हतंच. शेलारनं नवी कम्युनिटी काढली, तिच्यावर थोडे दिवस आप्पांच्या नावानं खडे फोडले, मग तीही ओस पडली. उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही पाळीवर गेलो तर गेटला कुलूप आणि त्यावर इंग्रजीत नोटीस. सगळे जण ती वाचायचा प्रयत्न करत होते. आप्पा लांब उभे होते. ते म्हणाले, "वाचायचं काय त्यात? कुलूप मराठीच हाय की."

नंतर ते यवतला एका गोदामावर रखवालीला लागले. मी पुण्याला गेलो. अधूनमधून भेटायला जायचो. तोवर दुसऱ्या साइटी आल्या होत्या. मी म्हटलं, आप्पा, सगळे आता तिकडे आहेत, तुमचं खातं उघडून देतो. त्यांनी हात जोडले. "समदे हायेत म्हनूनच नगं." मी उगाच हसलो. त्यांना हसू आलं नाही.

तीनेक वर्षं गेली. एका दुपारी वहिनींचा फोन आला. गोदामावर बसल्या जागी गेले होते. मी पोचलो तेव्हा घरासमोर मांडवात पांढऱ्या चादरीवर त्यांना ठेवलं होतं. उशाशी मेणबत्त्या लावल्या होत्या आणि वाड्यातली माणसं वंदना म्हणायला थांबली होती. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, त्यांच्या कंपनीतल्या मान्सास्नी कळवा. लई मान्सं व्हती त्यांची. सारखं नावं घ्यायचे."

माझ्याकडे मोजके नंबर होते. बरेचसे बदललेले. एक लागला तो शेलारचा. मी सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं रं." त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच वाईट वाटलेलं होतं. "मी नाशकाला हाय, पोचायचा न्हाई. बाकीच्यांचे नंबर माझ्याकडं बी न्हाईत. पार आसता, तर येका निरोपात समद्यांस्नी कळलं आसतं."

उन्हं कलली. वहिनींचा भाऊ जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पाव्हणं, कंपनीची मान्सं निघाली आसतील ना? तुम्ही म्हणाल तवर थांबू."

"नका थांबू," मी म्हणालो. "उचला."