घाट उतरलेल्या गाडीचे पाय

सुधीरदादा गेल्याचं मला गाडीतच कळलं. सासूबाईंचे गुडघे फार दुखत होते म्हणून त्यांना सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेऊन आम्ही महाडला परत निघालो होतो. हमरस्त्याला लागलो आणि वहिनीचा फोन आला. सकाळी चहा पिता पिता त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... माझा चेहरा पाहून महेशने, माझ्या नवऱ्याने, ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याकडेला अलगद उभी राहिली. स्टिअरिंग जराही थरथरलं नाही. ती दादाचीच करामत होती. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण महेशचा पाय ब्रेकवर गेला की मला अजून दादा आठवतो.

सुधीरदादा माझा मोठा मावसभाऊ. मुंबईत डिप्लोमा करून, काही वर्षं एका मोठ्या कंपनीत काढून तो गावाकडे परतला आणि महाड-पोलादपूर रस्त्यावर त्याने गॅरेज टाकलं. नम्रपणाशी त्याचं कधी जमलं नाही. गाडीचं दुखणं ओळखणारा आपल्यासारखा कान अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणाला नाही, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्या शर्टांपायी वहिनीचे हात झिजायची वेळ आलेली. गिऱ्हाइकाने येऊन अमुक पार्ट बदला म्हटलं की झालाच वाद सुरू. त्याची पद्धत ठरलेली होती. मालक रोज ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने, रोजच्या माणसांसकट आणि सामानासकट फेरी मारल्याशिवाय तो बॉनेटला हात लावत नसे. पाहुण्यांसमोर पोरं जशी शहाण्यासारखी वागतात तशी गाडी गॅरेजमध्ये वागते, असं त्याचं म्हणणं. कशेडीचा बोगदा झाल्यावर जुन्या घाटातली वर्दळ कमी झाली, तर त्याचा सर्वात जास्त आनंद यालाच. गाड्या तपासायला मोकळा घाट मिळाला होता ना.

आमच्या गाडीचं दुखणं दोन वर्षांपूर्वीचं. गावात गाडी एकदम गुणी. हमरस्त्याला लागून ऐंशीच्या वर गेली आणि ब्रेक दाबला, की स्टिअरिंग हातात थडथड उडायला लागायचं. दादाकडे नेलं तर गाडीआधी आपल्यालाच बोलणी ऐकावी लागतील, म्हणून महेशने ती दुसरीकडे दाखवली. पुढच्या चाकांच्या डिस्क, म्हणजे ब्रेक ज्यांना आवळून धरतो त्या लोखंडी तबकड्या, बदलल्या, काही आठवडे बरे गेले, पुन्हा तेच. पुन्हा बदलल्या, पुन्हा तेच. एकदा समोर ट्रक अचानक थांबला तेव्हा महेश इतका घाबरला की गाडी विकूनच टाकू म्हणाला. माझी नणंद वाईला असते. महिन्याकाठी सासूबाईंना तिच्याकडे न्यायचं तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा, आणि त्यांच्या गुडघ्यांना एसटी झेपण्यातली नव्हती. गाडी गेली असती तर मायलेकींची भेटच राहिली असती. शेवटी मीच दादाला फोन केला.

अपेक्षेप्रमाणे आधी बोलणी झाली. मग त्याने महेशला हमरस्त्यावर गाडी पळवायला लावली आणि स्वतः शेजारी बसला. नुसतं चालवताना काही हलत नव्हतं, म्हणजे टायरांचा दोष नव्हता. ब्रेक दाबला की सीट शांत आणि स्टिअरिंग थरथरतं, म्हणजे दुखणं पुढच्या चाकांत. गॅरेजमध्ये चाक काढून मोजलं तर डिस्क केसभर वाकलेली निघाली. महेश म्हणाला, हे तर आधीच्यांनीही सांगितलं होतं. तेव्हा दादा म्हणाला, "डिस्क वाकलीय हे कुणीही सांगेल. नव्या डिस्कला पुन्हा पुन्हा कोण वाकवतंय ते मला बघायचंय." पुढच्या वेळी वाईला जाताना आपणही येणार आणि मावशीही, म्हणजे माझ्या सासूबाईही, हव्यातच, असं त्याने जाहीर करून टाकलं.

त्या दिवशी तो मागच्या सीटवर सासूबाईंशेजारी बसला आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प राहिला. येताना घाट उतरत असताना त्याची नजर महेशच्या पायावर होती. महेश बराच वेळ ब्रेक दाबूनच उतरत होता. घाट संपला की पोलादपूरच्या बाजूला, ओढ्याकाठी देवीचं छोटंसं ठाणं आहे. तिथे आमच्या घरची एक रीत आहे. महेश ओढ्यावरून कळशी भरून आणतो आणि सासूबाई ती पुढच्या दोन्ही चाकांवर ओततात. त्याला त्या गाडीचे पाय धुणं म्हणतात. माझे सासरे जन्मभर या घाटात ट्रक चालवत, प्रत्येक खेपेला ते असंच करत आणि त्यांना कधी अपघात झाला नाही. ते गेल्यावर सासूबाईंनी ही रीत एकदाही चुकवली नाही, धो धो पाऊस असला तरी. चुकली तर घाट कोपेल, ही त्यांची खरीखुरी धास्ती होती. त्या दिवशीही त्यांनी कळशी ओतली. आतून चर्र आवाज आला, वाफेचा लोट उठला. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. घाटात तापलेली डिस्क या गार पाण्यानेच वाकत होती. मग मला भीती वाटली ती दादाच्या जिभेची. मनातलं बोलल्याशिवाय राहणारा हा माणूस नव्हे. तुमच्या नवऱ्याच्या रीतीनेच गाडी बिघडतेय असं तो बोलून गेला असता, तर सासूबाई पुन्हा गाडीत बसल्या नसत्या, किंवा बसल्या असत्या तर जीव मुठीत धरून.

सासूबाई ठाण्याच्या पारावर बसल्या, तसा दादा जाऊन त्यांच्याजवळ टेकला.

"मावशी, तुमच्याकडे बैल होते ना?"

"होते की रे. दोन जोड्या."

"नांगर सोडल्यासोडल्या पाणी दाखवायचात त्यांना?"

"नाय रे. तापलेल्या जनावराला लगेच पाणी देत नाय. आधी धाप बसू द्यायची."

मग त्याने त्यांना चाकाजवळ नेलं आणि आतली डिस्क दाखवली. काकांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ट्रकचे ब्रेक लोखंडी डब्यात झाकलेले असत, त्यांना हे पाणी सोसायचं. हिचे उघडे आहेत, तेव्हा हिची धाप बसली की मग पाय धुवा, असं त्याने हळू आवाजात समजावलं. सासूबाईंनी मान वाकवून आत पाहिलं.

"म्हंजे त्यांचं चुकलं नाय ना रे?"

"त्यांचं कसं चुकेल, मावशी? गाडी बदलली."

एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं, त्याला हे इतकं नेमकं कुठून सुचलं, देव जाणे. मला त्याचा फार अभिमान वाटला. महेशला मात्र खालचा गिअर न टाकता ब्रेक तापवत उतरल्याबद्दल महाडपर्यंत यथेच्छ ऐकून घ्यावं लागलं.

डिस्क पुन्हा एकदा बदलल्या, त्या आजतागायत सरळ आहेत. तेव्हापासून आम्ही ठाण्याजवळ अर्धा तास बसायला लागलो. थर्मासमधला चहा प्यायचा, चाक गार व्हायची वाट बघायची. या बसण्यातच सासूबाई कधी नव्हे त्या सासऱ्यांविषयी बोलू लागल्या. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. घाट उतरला की त्यांचे हात कापायचे, ते क्लीनरला दिसू नये म्हणून ते कळशी घेऊन ओढ्यावर जायचे, हेही मला तिथेच कळलं... इतकी वर्षं हे सासूबाईंनी लेकालाही सांगितलं नव्हतं.

दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच गेल्या आठवड्यात आम्ही वाईला जाऊन आलो. येताना घाट उतरून ठाण्यापाशी थांबलो. चहा झाला. सासूबाईंनी नेहमीसारखा चाकाजवळ हात धरून पाहिला, ते कधीच गार झालं होतं. महेश ओढ्यावरून कळशी भरून घेऊन आला आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"आज ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आज नुसतं बसू. सुधीरसाठी."

महेशने माझ्याकडे पाहिलं. मी थर्मास बाजूला ठेवून सासूबाईंशेजारी बसले. ऊन पारावरून सरकून ओढ्यात गेलं तशा सासूबाई उठल्या, देवीला हात जोडले आणि आपणहून गाडीत जाऊन बसल्या. महेशने कळशीतलं पाणी परत ओढ्यात सोडलं. आणि आम्ही पहिल्यांदाच गाडीचे पाय न धुता महाडला आलो.