न्हावऱ्याच्या पंगतीतले आबा

"ताई, आबांचा एक नीट फोटो पायजे. तोंड वळखू यील असा."

दत्ताभाऊ स्टुडिओच्या दारातच उभे होते. त्यांचं गाव राहू, भीमेपलीकडचं, दौंड तालुक्यातलं. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न आम्हीच शूट केलं होतं. त्यांचे वडील, म्हणजे आबा, घरातून निघून गेले होते. आबांना अलीकडे नावं आठवायची नाहीत. गुरुवारी सकाळी चपला घालून बाहेर पडले, ते परतले नाहीत. आठवडा उलटला होता. पोलिसांकडे दिलेला फोटो आधार कार्डावरचा. त्यात आबा स्वतःलाही ओळखू आले नसते.

मी त्यांना बसवलं आणि मशीन चालू केलं.

शिरूरमध्ये हा स्टुडिओ इरफानभाई आणि मी भागीदारीत चालवतो. ते शूट करतात, मी एडिटिंग बघते. त्या आठवड्यात आमचा वाद चालू होता, नवीन सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं याचा. दोन सॉफ्टवेअर ट्रायलवर होती. पहिलं चेहरे उजळायचं, पांढरं आभाळ एका क्लिकवर निळं करायचं. इरफानभाई त्याच्यावर खूश. दुसरं दिसायला रुक्ष, पण ते कॅटलॉग ठेवायचं. कॅटलॉग म्हणजे फोटोंची हजेरी. कोणता फोटो कोणत्या हार्ड डिस्कवर आहे, कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला, हे सगळं ते लक्षात ठेवतं. शिवाय चेहरे ताडून एका माणसाचे फोटो एका जागी लावतं.

"गिऱ्हाईक कॅटलॉग बघतंय व्हय, ताई?" इरफानभाई म्हणायचे. "त्याला गोरं दिसायचं असतंय."

ट्रायल म्हणून मी वर्षभराची लग्नं त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवली होती. आता दत्ताभाऊंच्या मुलीचं लग्न उघडलं, एका फोटोत आबांच्या चेहऱ्याभोवती चौकोन आला, त्याखाली मी नाव टाईप केलं: आबा. भराभर त्यांचे फोटो गोळा झाले. फेट्यातले, नातीला निरोप देतानाचे. दत्ताभाऊ बघत राहिले. मी त्यातला एक समोरून काढलेला निवडला.

तेवढ्यात स्क्रीनच्या कडेला प्रश्न आला. हाही माणूस तोच आहे का? खाली तीन चेहरे. पहिले आबांचे धाकटे भाऊ. दुसरा एक आचारी, त्याचा आबांशी काही संबंध नव्हता. सॉफ्टवेअर असंच ठोकून देतं. तिसरा मात्र मी मोठा केला. पंगतीत जेवायला बसलेला म्हातारा. दाढी वाढलेली, डोक्याला फेटा नाही, टोपी.

"आबाच हायती की!" दत्ताभाऊ उठून उभे राहिले. "कुठलं हे?"

"न्हावऱ्याचं."

मी तारीख बघितली. प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये कॅमेरा तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. ती आबा जाण्याच्या बऱ्याच आधीची होती. न्हावरं आमच्याच शिरूर तालुक्यातलं. तिथल्या त्या घरचं लग्न आणि साखरपुडा दोन्ही आम्हीच केले होते; साखरपुडा साधारण त्याच दिवसांतला, तेव्हा हा फोटो त्यातलाच असं मी धरलं.

दत्ताभाऊ खाली बसले. "मग न्हाई. तवा आबा घरीच हुते. मीच त्यास्नी दवाखान्यात नेत हुतो." मग स्क्रीनवरून नजर काढून म्हणाले, "एकासारखं एक माणूस असतंयच."

आबांचा निवडलेला फोटो प्रिंटला लावला. पण मला तो टोपीवाला चेहरा सोडवेना. सॉफ्टवेअर चुकतंय ते कुठे चुकतंय, हे बघायची मला खरंच उत्सुकता होती. मी फोटो आणखी मोठा केला. कान बघितला, नाक बघितलं. मग टोपीच्या घडीत काहीतरी पिवळं दिसलं. खांद्यावरही.

तांदूळ. अक्षता.

साखरपुड्यात कोणी अक्षता टाकत नाही.

"इरफानभाई, न्हावऱ्याच्या लग्नाला दुसरा कॅमेरा नेला होता?"

"व्हय. पंगत त्याच्यावरच हाय. का?"

"त्याचं घड्याळ बरोबर होतं?"

"सकाळी चालू केला तर तारीख मागत हुता. अंदाजानं टाकली. नवरदेव दारात आला हुता, ताई!"

मी दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी लावले. हार घालण्याचा तोच क्षण, तीच माणसं, पण तारखा वेगळ्या. एका कॅमेऱ्याची वेळ बरोबर धरून दुसऱ्याचे सगळे फोटो एकदम सरकवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. सरकवले. टोपीवाला म्हातारा रविवारच्या लग्नात येऊन बसला. आबा गेल्यानंतरचा रविवार.

इरफानभाईंनी नवरीच्या वडिलांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पांढऱ्या टोपीचं म्हातारं ना?" ते म्हणाले. "आम्ही म्हणलं, नवरदेवाकडचं आसंल. वाढलं पोटभर."

नवरदेवाकडच्यांना विचारलं. त्यांना ते नवरीकडचे वाटले होते.

दत्ताभाऊंना घेऊन इरफानभाई तसेच बाईकवर न्हावऱ्याला गेले. घरोघर फोटो दाखवला. दुपार कलल्यावर त्यांचा फोन आला. मांडव उठल्यावर म्हातारा तिथंच बसून होता, म्हणून मळ्यातल्या एका बाईनं त्याला घरी नेलं होतं. पोलीस पाटलाच्या कानावरही घातलं होतं. पण आबा गावाचं नावच सांगेनात, आणि दत्ताभाऊंचे सगळे मेसेज फिरत होते भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात.

"काय करतायत आबा?" मी विचारलं.

"गाईस्नी वैरण टाकत्यात. लेकाला वळखलं न्हाई लगेच. आन् मग म्हणले, दत्ता, एवढा उशीर का केला रं?"

मागून दत्ताभाऊंच्या रडण्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवला नाही.

आम्ही दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. इरफानभाईंनी वाद घातला नाही. आभाळ निळं करायचं असेल तर मी अजूनही हातानं करते, वेळ लागतो. सॉफ्टवेअर निवडताना लोक मला सल्ला विचारतात, तेव्हा मी सांगते: चेहऱ्याच्या बाबतीत ते फक्त अंदाज करतं, शहानिशा आपण करायची. आणि तारीख ते कॅमेऱ्याचीच खरी मानतं. तेव्हा कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पण आधी कॅमेऱ्याचं घड्याळ लावा.