एका बोटाची फट

“लाकूड कधी खोटं बोलत नाही,” पांचाळकाका म्हणत. त्यांनी मला करून दिलेलं कपाट मात्र प्लायवूडचं होतं, वरून सागाचा कागद. विचारलं, तर म्हणाले, “मी लाकडाचं सांगितलं, डॉक्टर. ह्यात लाकूड कुठाय?”

संगमेश्वरकडचा हा सुतार रियाधला, एका छोट्या फर्निचरच्या वर्कशॉपात होता. ओळख झाली ती मी तिथल्याच हॉस्पिटलात त्यांच्या मोडलेल्या मनगटाला प्लास्टर घातलं तेव्हा. रंधा मारण्याआधी ते प्रत्येक फळी हुंगायचे.

एकदा त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ते होते तो अरब मालक, पाडलेल्या जुन्या घराचं दोन फळ्यांचं दार घेऊन आला. काकांनी एक ढलपी काढून माझ्या नाकाला लावली. “वास घ्या. आपल्याकडचा साग. दीडशे वर्षांमागं गलबतातून आलेला.”

त्या दाराचं आमच्या हॉस्पिटलच्या नव्या डायरेक्टरसाठी टेबल व्हायचं होतं. दोन्ही फळ्या सोनेरी चौकटीत घट्ट आवळायच्या, असा हुकूम होता. काकांनी मध्ये बोटभर फट ठेवली.

कफील खवळला. “फट नहीं मंगता! यल्ला, बंद करो.”

“अरबाब, लकडी को हिलने का जगह मंगता. एसी में फटेगा.”

“बंद करो, नहीं तो इकामा खलास.”

इकाम्याची, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्याची, मुदत त्याच महिन्यात संपत होती. गावी मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं. मी म्हटलं, “काका, ठोका एक पट्टी आणि मोकळे व्हा.”

“तुम्ही प्लास्टर घालताना सुजेला जागा ठेवता ना? माझ्या हाताला ठेवलीत. मग लाकडानं काय घोडं मारलंय?”

डायरेक्टरच्या खोलीचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं, म्हणून टेबल तसंच गेलं, मखमली कापडाखाली. भाषणं झाली, फीत कापली गेली. त्याच आठवड्यात कफीलने इकामा न वाढवता काकांना गावी धाडलं. मुलीचं शेवटचं वर्ष त्यांनी गावात दारं-खिडक्या करून पार पाडलं.

गेल्या महिन्यात तिचाच फोन आला. आता ती नर्स आहे. “बाबा गेले, डॉक्टरकाका. शेवटपर्यंत विचारत होते, टेबल तडकलं तर नाही ना?”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डायरेक्टरच्या खोलीत गेलो. टेबलाला कुठेही चीर नाही. फटीतून मोबाईलच्या चार्जरची वायर खाली सोडली आहे, आणि ती सोय सुताराने त्यासाठीच ठेवली, असं डायरेक्टर पाहुण्यांना कौतुकाने सांगतात.