पायाने वाजवायची पेटी

संधिवाताने बाबांची बोटं वाकडी झाली आणि त्यांची पेटी बंद पडली. दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात कीर्तन असलं की साथीला बाबाच बसायचे. आता दुसऱ्या कुणी पेटी पुढे ओढली की ते उठून आत जायचे. मला ते बघवेना. पाय मात्र ठणठणीत, घाटाच्या पायऱ्या रोज उतरत. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हटलं, हात नाहीत तर नाहीत, पायांनी वाजवतील.

मोडक्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या कापून एका सप्तकाची पेडलं केली. प्रत्येकाखाली चुंबक, त्याच्यासमोर बारीक स्विच आणि तिथून तारा जुन्या कीबोर्डच्या सर्किटपर्यंत. काम टेबलावर चालायचं, तेव्हा एकेक पेडल तळहाताने दाबून बघायची. बाबा आतल्या खाटेवरून सांगायचे, "गंधार कोमल वाजतोय." बघावं तर शुद्ध आणि कोमल गंधाराच्या तारा उलट जोडलेल्या. कितीतरी दिवसांनी बाबा रंगात आले होते. मीही खूश होते.

शेवटी सगळं जमिनीवर ठेवलं, मागे खुर्ची मांडली आणि त्यांना बसवलं. बाबांनी पाय झटकन वर घेतले.

"ह्याला पाय लावायचा?"

"पायपेटीला लावत नाहीत का?"

"तिथे पाय भात्याला असतो, बेटा. स्वर हातानेच. तू मेहनत खूप केलीस, पण माझ्याने नाही होणार."

मी चिडले, भांडले.  बाबांनी वाकून पेडलांना नमस्कार केला. त्यांनी तळहाताने दाबावीत तर पेडलं जड, आतल्या स्प्रिंगा पायाच्या जोराच्या. हलक्या स्प्रिंगा आणल्या, पण त्या बसवायच्या आधीच, ऐन थंडीत, बाबा गेले.

परवा पाय धुऊन मी त्या खुर्चीवर बसले. बाबांशी एवढी भांडलेली मी, पण माझाही पाय खाली जाईना. फार रडले. मग जमिनीवर बसून गंधाराच्या तारा मुद्दाम उलट जोडल्या आणि दोन्ही तळहातांनी जोर देऊन पेडल दाबलं. कोमल गंधार वाजत राहिला. आतल्या खाटेवरून कुणी काही बोललं नाही.